खरे आहे, म्हणून बोलावे का?



पापनिवेदनाची तयारी करताना आपण दहा आज्ञा एकेक करून मनाशी तपासतो. आठव्या आज्ञेपाशी आलो की बहुतेक जण स्वतःला एकच प्रश्न विचारतात : मी खोटे बोललो का? 'नाही' असे उत्तर आले, किंवा 'एक-दोनदा, तेही किरकोळ' असे आले, की आपण पुढच्या आज्ञेकडे वळतो. या घाईत जिभेचे एक मोठे पाप तपासणीतून सुटून जाते. दुसऱ्याचा खरा दोष, काही गरज नसताना, ज्यांना तो ठाऊक नाही अशा लोकांना सांगणे, हे ते पाप. त्यात खोटे काहीच नसते. म्हणूनच ते आपल्याला बोचत नाही. उलट कुणी हटकले तर आपण ताठ मानेने म्हणतो, "मी काय खोटं बोललो? सगळ्या गावाला विचारा!"

आजच्या लेखात आपण या एकाच वाक्याचा विचार करू या. गोष्ट खरी असली म्हणजे ती बोलण्याचा हक्क मिळतो का?

एक उदाहरण

हे उदाहरण कुणा एका घराचे नाही. पण प्रत्येक वाडीत त्याचा अनुभव असावा.

समजा, एक गृहस्थ आहेत. काही वर्षे दारूच्या आहारी गेले होते. घरात भांडणे झाली, नोकरी गेली, रस्त्यात पडलेले लोकांनी पाहिले. मग देवाच्या कृपेने आणि बायकोच्या सोशिकपणाने ते सावरले. आज तीन वर्षे त्यांनी थेंबालाही हात लावलेला नाही. नवीन नोकरी धरली आहे, रविवारी मुलांना घेऊन मिस्साला येतात. वाडीच्या सणाची बैठक भरते. हिशेब सांभाळायला कुणीतरी त्यांचे नाव सुचवते. तेवढ्यात एक जण हसून म्हणतो, "त्याला? अरे, त्याला आम्ही गटाराकाठून उचलून आणलाय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!" दोन-चार जण हसतात. नाव मागे पडते. बैठकीतल्या ज्या तरुणांना जुनी गोष्ट ठाऊक नव्हती, त्यांनाही आता ती कळते. आठवड्याभरात धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या गृहस्थांच्या मुलीला कुणीतरी त्यावरून चिडवते. पुढच्या रविवारी ते कुटुंब मिस्साला दिसत नाही.

बोलणारा खोटे बोलला का? नाही. त्याने पाहिले होते तेच सांगितले. तरीही तीन वर्षे खपून एका माणसाने जे उभे केले, ते एका वाक्याने खाली आले. आठवी आज्ञा मोडली गेली की नाही?

आज्ञा मुळात कशासाठी होती?

ही आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. तिची भाषा न्यायसभेची आहे. प्राचीन इस्राएलात गावाच्या वेशीजवळ वडीलधारे बसत आणि साक्षीदारांच्या शब्दावर निवाडा होई. बोटांचे ठसे, छायाचित्रे असे काही नव्हते. माणसाचा जीव शब्दावर टांगलेला असे. म्हणून नियमशास्त्राने अटी घातल्या : एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून कुणाला दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन हवेत, आणि साक्ष खोटी निघाली तर आरोपीला जी शिक्षा व्हायची होती तीच साक्षीदाराला व्हावी (अनुवाद १९:१५-२१). देहान्ताच्या शिक्षेत पहिला दगड साक्षीदारानेच उचलावा, असेही सांगितले (अनुवाद १७:७). जो बोलतो त्याने आपल्या बोलण्याचा भार स्वतःच्या हाताने उचलावा, असा त्याचा अर्थ.

म्हणजे या आज्ञेच्या मुळाशी शेजारी आहे, त्याचा जीव आणि त्याचे नाव आहे. खरे-खोटे हा प्रश्न त्या शेजाऱ्याच्या रक्षणासाठी येतो. हे लक्षात घेतले की 'मी खोटे बोललो नाही' एवढ्याने आज्ञा पुरी होत नाही, हेही ध्यानात येते. आपल्या ओट्यावर, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या जिन्यात रोज छोट्या छोट्या न्यायसभा भरतात. फरक एवढाच, की तिथे आरोपी हजर नसतो आणि त्याला वकीलही नसतो.

जिभेच्या पापांची नावे

दुखणे ओळखायचे तर त्याला नाव हवे. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात, १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठव्या आज्ञेखाली शेजाऱ्याच्या नावलौकिकाला धक्का देणारी तीन पापे वेगवेगळी सांगितली आहेत (परिच्छेद २४७७). साध्या मराठीत ती अशी :

१. घाईचा निवाडा. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात दुसऱ्याचा दोष पक्का मानणे. 'एवढ्या लवकर बंगला बांधला, म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार.' इथे जीभ अजून हललेलीसुद्धा नाही, पण पाप सुरू झाले आहे.

२. दोष उघडा पाडणे. दोष खरा असतो, पण योग्य कारण नसताना तो ठाऊक नसलेल्यांना सांगितला जातो. वरच्या उदाहरणातले पाप हेच.

३. आळ घेणे. जे घडलेच नाही ते सांगून दुसऱ्याचे नाव काळे करणे.

तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी यात आणखी एक भर घातली आहे, ती आपल्या वाड्यांना चांगलीच लागू पडते : कान फुंकणे. दोन मित्रांत, दोन भावांत, सासू-सुनेत वितुष्ट यावे म्हणून इकडचे तिकडे सांगणे. संत थॉमस विचार करतात की कुठले पाप जास्त जड? चोर आपली वस्तू नेतो; निंदा करणारा आपले नाव नेतो. नाव धनापेक्षा मोलाचे, असे नीतिसूत्रांचा ग्रंथही सांगतो (२२:१). म्हणून निंदा चोरीपेक्षा जड. आणि कान फुंकणारा माणूस आपला मित्रच हिरावून नेतो. मित्राशिवाय मानाला काय चव? म्हणून ते पाप निंदेहूनही जड. जमिनीच्या तुकड्यावरून दोन भाऊ वीस वीस वर्षे बोलत नाहीत, अशी घरे आपल्याला माहीत आहेत. तिथे मोजणीच्या चुकीपेक्षा कुणाच्या तरी फुंकलेल्या कानाने जास्त नासधूस केलेली असते.

हाम खरेच बोलला होता

आता पवित्र शास्त्राकडे वळू या. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाची एक गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. जलप्रलयानंतर नोहाने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला, त्याला नशा चढली आणि तो आपल्या तंबूत उघडा पडून राहिला. धाकट्या हामने ते पाहिले आणि बाहेर येऊन दोघा भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी काय केले? त्यांनी एक वस्त्र खांद्यावर घेतले, पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकले. त्यांची तोंडे दुसरीकडे होती. त्यांनी बापाची नग्नता पाहिली नाही (उत्पत्ती ९:२०-२३).

हामने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. बाप प्यालेला होता, उघडा होता, हे खरे होते. पण पाहिल्यावर त्याच्या हाताशी दोन गोष्टी होत्या : वस्त्र आणि जीभ. त्याने जीभ वापरली. भावांनी वस्त्र वापरले. आणि भावांनी दोष नाकारला असेही नाही. नोहा प्यालाच नव्हता, असे काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी आधी झाकण्याचे काम केले.

नव्या करारात हेच आपल्याला संत योसेफाच्या ठायी दिसते. मरियेशी वाग्दान झालेले आहे आणि ती गरोदर असल्याचे कळते. योसेफाला अजून देवदूताने काहीही सांगितलेले नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्याजवळ सांगण्यासारखी 'खरी' गोष्ट होती, आणि नियमशास्त्रही त्याच्या बाजूने होते. तरी तो तिचा बोभाटा करायला तयार नव्हता. गुपचूप सोडचिठ्ठी देण्याचा त्याचा विचार होता (मत्तय १:१९). शुभवर्तमानकार याच वाक्यात योसेफाला नीतिमान म्हणतो. त्याचे नीतिमानपण त्याच्या न बोलण्यातून दिसले. आणि पुढे काय कळले? जे त्याला 'खरे' वाटत होते ते खरे नव्हतेच. मरिया निर्दोष होती. तिच्या उदरी पवित्र आत्म्याचे काम होते. योसेफ त्या रात्री ओट्यावर जाऊन बोलला असता तर? आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचाही पूर्ण अर्थ आपल्याला ठाऊक असतोच असे नाही. म्हणून जीभ आवरणे हे नम्रतेचेही लक्षण आहे.

ऐकणाऱ्याचे काय?

"फादर, मी बोलत नाही, फक्त ऐकतो." असे म्हणून सुटका होत नाही. ऐकायला कान नसेल तर चहाडी जन्मालाच येणार नाही. संत थॉमस म्हणतात की, निंदा ऐकताना जो विरोध करत नाही तो तिला संमती देत असतो. बोलणाऱ्याला अडवावे, ते जमत नसेल तर निदान चेहऱ्यावर नापसंती दिसू द्यावी.

दानीएलच्या तेराव्या अध्यायात सुसान्नाची कथा आहे. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी ती मिस्सात वाचली जाते. बाबिलोनमधील एका देवभीरू स्त्रीवर दोन न्यायाधीशांची वाईट नजर पडली. ती बधली नाही, तेव्हा त्यांनी तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतला. दोन साक्षीदार, दोघेही वडीलधारे, दोघेही न्यायाधीश. सभेने लगेच विश्वास ठेवला आणि तिला देहान्त ठरवला. नियमशास्त्राची दोन साक्षीदारांची अट पाळली गेली होती, तरी अन्याय झालाच. तिला मारायला नेत असताना दानीएल नावाचा एक मुलगा गर्दीतून ओरडला की, या बाईच्या रक्ताचा दोष मी माझ्यावर घेणार नाही. मग त्याने दोघांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला : तू त्यांना कुठल्या झाडाखाली पाहिलेस? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरेच. खोटे उघडे पडले आणि एक निष्पाप स्त्री वाचली.

त्या सभेतले सगळेच लोक दुष्ट नव्हते. 'मोठी माणसे सांगतात म्हणजे खरेच असणार' असे म्हणून ते गप्प राहिले, एवढेच. दानीएलने जे विचारले तेवढे आपणही विचारू शकतो : तुम्ही स्वतः पाहिलंत का? कुठे? त्या माणसाशी बोललात का? तीन साधे प्रश्न. निम्मी चर्चा तिथेच थांबेल. बेन सीराचा ग्रंथही हेच सुचवतो : मित्राविषयी काही कानावर आले तर त्यालाच जाऊन विचार, कदाचित त्याने ते केलेही नसेल (१९:१३-१७). आणि त्याच अध्यायात तो जरा गमतीने सांगतो की, ऐकलेली गोष्ट तुझ्यापाशीच मरू दे, तिच्यामुळे तुझे पोट काही फुटणार नाही (१९:१०).

हिप्पोचे महागुरू संत अगस्तीन यांच्या जेवणाच्या मेजावर एक मजकूर लिहिलेला होता. गैरहजर माणसांचे लचके तोडणाऱ्याला या मेजावर जागा नाही, असा त्याचा आशय. त्यांचे चरित्रकार संत पोसिदियस स्वतः त्या मेजावर बसलेले होते. ते सांगतात की, एकदा अगस्तीनचे अगदी जवळचे काही महागुरूच जेवताना कुणाविषयी बोलू लागले. अगस्तीन रागावून म्हणाले की, एकतर मेजावरचा हा मजकूर पुसून टाकू या, नाहीतर मी जेवण सोडून माझ्या खोलीत जातो. म्हणजे हे दुखणे फक्त नळावरचे किंवा नाक्यावरचे नाही. धर्मगुरूंच्या जेवणाच्या टेबलावरही ते येते. जे शिकवतात त्यांचा निवाडा अधिक कडक होईल, असा इशारा संत याकोबाने दिलेला आहेच (याकोब ३:१).

मग कधीच बोलायचे नाही का?

इथे एक गैरसमज होऊ नये. जीभ आवरणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे. धर्मशिक्षण ग्रंथ 'योग्य कारण नसताना' असे म्हणतो. योग्य कारण असेल तर बोलणे हे कर्तव्य ठरते.

एखाद्या घरात बाईला मारहाण होत आहे, कुणी संस्थेचे पैसे खात आहे, कुणा लहान मुलावर वाईट हात पडत आहे, अशा वेळी 'आपल्याला काय करायचंय, नाव खराब होईल' असे म्हणून गप्प बसणे हे मोठे पाप आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. ख्रिस्तसभेतही पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली नियम करून, अशी तक्रार वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू आणि व्रतस्थांना सक्तीचे केले. दोषी माणूस धर्मगुरू असला तरी त्याला झाकायचे नाही. शेम आणि याफेथ यांनी बापाची लाज झाकली. कुणावर होणारा अत्याचार झाकला नाही. हा फरक नीट समजून घ्यावा.

कसोटी अशी : मी हे कुणाला सांगत आहे आणि कशासाठी? ज्याला काही करता येईल अशा माणसाला, कुणाचे तरी रक्षण व्हावे म्हणून सांगत असेन, तर ते बोलणे न्यायाचे आहे. ज्याला काहीच करता येणार नाही अशाला, बोलण्याची मजा म्हणून सांगत असेन, तर ती चहाडी आहे. हिशेबात घोळ वाटला तर तो खजिनदाराला विचारावा, धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत विचारावा, मला येऊन विचारावे. त्यात निंदा काहीच नाही. तोच घोळ मिस्सा सुटल्यावर दरवाजात दहा जणांना सांगितला, तर हिशेब सुधारत नाही आणि माणूस मात्र बदनाम होतो.

प्रभू येशूने यासाठी पायऱ्याच आखून दिल्या आहेत (मत्तय १८:१५-१७). भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्यानेच त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत ने. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. आपण ही शिडी उलटी चढतो. आधी सगळ्या गावाला सांगतो, मग दोघा-चौघांना मध्ये घालतो, आणि त्या माणसाशी बोलायचे मात्र राहूनच जाते.

हातातल्या फोनची जीभ

आजच्या काळात जीभ फक्त तोंडात नाही, हाताच्या अंगठ्यातही आहे. वाडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, कुटुंबाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. कुणाचा फोटो, कुणाचा खाजगी संदेश, कुणाच्या भांडणाचा व्हिडिओ 'फॉरवर्डेड' म्हणून पुढे जातो. पूर्वी ओट्यावरची गोष्ट ओट्यावरच्या चौघांपर्यंत पोहोचायची आणि काही दिवसांनी विरून जायची. आता ती शेकडो जणांपर्यंत जाते आणि फोनमध्ये साठून राहते. 'मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं' ही सबब हामचीच आहे. तोही बापाला उघडा करणारा नव्हता. त्याने फक्त पुढे सांगितले. कान फुंकण्याविषयी संत थॉमसने जे म्हटले ते अंगठ्यालाही लागू आहे.

पोप फ्रान्सिस यांनी ६ सप्टेंबर २०२० रोजी, जगभर कोविडची साथ पसरलेली असताना, चहाडी ही कोविडपेक्षाही वाईट साथ आहे असे म्हटले होते. पोप लिओ चौदावे यांनीही निवड झाल्यावर चारच दिवसांनी, १२ मे २०२५ रोजी, पत्रकारांना आवाहन केले की आधी शब्दांतली शस्त्रे खाली ठेवू या, मग जगातली शस्त्रे खाली ठेवायला मदत होईल. हे आवाहन पत्रकारांपुरते ठेवून चालणार नाही. ज्याच्या हातात फोन आहे तो प्रत्येक जण आज बातमीदार आहे.

गेलेले नाव परत देणे

चोरी केली तर नुसते पापनिवेदन पुरत नाही, चोरलेली वस्तू परत करावी लागते, हे आपल्याला लहानपणी शिकवले आहे. नावाच्या बाबतीतही तेच आहे. धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की, क्षमा मिळाल्यानंतरही भरपाईचे कर्तव्य उरते (परिच्छेद २४८७). मग नाव परत कसे करायचे?

आळ घेतला असेल तर मार्ग कठीण असला तरी सरळ आहे : ज्यांना सांगितले त्यांना जाऊन 'मी सांगितलं ते खोटं होतं' असे म्हणायचे. पण दोष खरा असेल तर? 'ते खोटं होतं' असे म्हणणे हे नवे खोटे होईल. संत थॉमस यावर वाट दाखवतात. आपण बोललो ते बोलायला नको होते, त्या माणसावर आपण अन्याय केला, एवढे कबूल करायचे. आणि तेही शक्य नसेल तर दुसऱ्या मार्गाने त्याला मान मिळवून द्यायचा. वरच्या उदाहरणातल्या माणसाने पुढच्या बैठकीत उभे राहून म्हणावे, "मागच्या वेळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तीन वर्षं हा माणूस ज्या निश्चयाने उभा आहे, तेवढा निश्चय आपल्यापैकी कितीजणांत आहे? हिशेब त्यांच्याकडे द्यावा असं मी सुचवतो." मग त्यांच्या घरी जावे, आणि रविवारी त्या कुटुंबाला सोबत घेऊन मिस्साला यावे. अशा वेळी एका माणसाची लाज जाईल, पण एक कुटुंब देवाच्या घरी परत येईल.

जिभेचा आणि भक्तीचा संबंध

संत याकोब अगदी रोखठोक सांगतात : स्वतःला धार्मिक समजणारा माणूस जिभेला लगाम घालत नसेल तर तो स्वतःची फसवणूक करतो आणि त्याचा धर्म फुकट जातो (याकोब १:२६). नोव्हेना, रोझरी, उपवास, यात्रा सगळे असेल, पण जीभ मोकाट असेल, तर ते व्यर्थ. ज्या तोंडाने आपण देवपित्याला धन्यवाद देतो त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप देतो, आणि एकाच झऱ्यातून गोडे व खारे पाणी येत नाही, असेही ते म्हणतात (याकोब ३:९-१२).

पवित्र उपासना हीच गोष्ट आपल्याला खुणांनी शिकवत असते. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि मग ओठांना स्पर्श करतो. येशूने बहिऱ्या-मुक्याला बरे केले त्याची ती आठवण (मार्क ७:३१-३७). आधी कान, मग तोंड. ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे असावे, हा याकोबाचा उपदेशही त्याच क्रमाने जातो (१:१९). प्रत्येक मिस्सात शुभवर्तमानाआधी आपण कपाळावर, ओठांवर आणि छातीवर क्रूस काढतो. आणि ज्या जिभेवर ख्रिस्ताचे शरीर ठेवले जाते, त्याच जिभेने चर्चचा दरवाजा ओलांडताच ख्रिस्ताच्या दुसऱ्या एखाद्या अवयवाचे लचके तोडायचे का?

शेवटी एक विचार. सैतानासाठी शुभवर्तमानांत जो ग्रीक शब्द येतो त्याचा मूळ अर्थ 'चहाडखोर', 'आरोप करणारा' असा आहे. आणि पवित्र आत्म्याला येशूने जे नाव दिले, पॅराक्लीट, त्याचा अर्थ 'बाजू घेणारा', 'वकील' (योहान १४:१६). गैरहजर माणसाचा विषय निघाला की आपल्यापुढे या दोन जागा मोकळ्या असतात, आरोप करणाऱ्याची आणि बाजू घेणाऱ्याची. आपण कुठे बसतो, ते आपल्या जिभेवरून ठरते.

या आठवड्यासाठी

१. गैरहजर माणसाविषयी बोलायची वेळ आली तर आधी स्वतःला विचारू या : तो इथे असता तर मी हे असेच बोललो असतो का?

२. कुणी काही सांगू लागले तर दानीएलचा प्रश्न विचारू या : तुम्ही स्वतः पाहिलंत का?

३. फोनवर आलेला, कुणाचीही बदनामी करणारा एकही संदेश या आठवड्यात पुढे पाठवू नये. तो आपल्यापाशीच मरू द्यावा.

४. आपल्या बोलण्याने ज्याचे नाव गेले असेल अशा एका व्यक्तीची आठवण करू या आणि ते परत देण्याचे एक पाऊल उचलू या.

५. वाडीतील समूहाच्या बैठकीत याकोबाचे तिसरे प्रकरण एकत्र वाचावे आणि चर्चा करावी : आपल्या वाडीत बोलण्यामुळे दुरावलेले एखादे कुटुंब आहे का? त्यांच्याकडे कोण जाईल? ही चर्चा करताना मात्र त्या कुटुंबाच्या दोषांची उजळणी नको!

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्यावर खोटे आरोप झाले तेव्हा तू शांत राहिलास, आणि दगड घेऊन उभ्या असलेल्या लोकांपुढे एका पापी स्त्रीची बाजू घेतलीस. आमच्या ओठांवर पहारा ठेव. दुसऱ्याचा दोष दिसला की हाती जीभ न येता वस्त्र येऊ दे. अन्याय दिसला की योग्य जागी बोलण्याचे धैर्य दे. आणि आमच्या शब्दांनी जे दुरावले आहेत, त्यांना तुझ्या मेजाकडे परत आण. आमेन.

तुमचा धर्मगुरू